प्रोबेटची सक्ती उठल्यानंतर

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा मंजूर केला आणि त्यात भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधलं कलम २१३ वगळून टाकलं. कालबाह्य कायद्यांच्या लांबलचक यादीसोबत ही तरतूद गेली, म्हणून तिच्याकडे अनेकांचं लक्षही गेलं नाही. मुंबईतल्या कुटुंबांना मात्र त्या कायद्यातलं दुसरं काहीही इतकं जवळून लागू होणारं नव्हतं. मुंबईत केलेलं किंवा मुंबईतल्या स्थावर मिळकतीविषयीचं मृत्युपत्र असेल, तर त्याच्या जोरावर न्यायालयात हक्क शाबीत करण्याआधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा आदेश, आणावं लागे. आता ती अट नाही. पण यावरून ‘मृत्युपत्र आहे ना, मग झालं, आता कोर्टात जायला नको’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे, आणि काही घरांना तो फार महागात पडेल. कायद्याने सक्ती काढून घेतली, सिद्धतेची जबाबदारी नाही. मृत्युपत्र खरं आहे हे दाखवून देण्याचं काम जिथल्या तिथे आहे. ते आताच करायचं की पुढे कुणी हरकत घेईल तेव्हा, एवढंच ठरवणं वारसांच्या हाती आलं आहे. आणि हे ठरवताना ‘प्रोबेट लागतं का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत: या मृत्युपत्राला हरकत घ्यावीशी वाटेल असं कुणी आहे का? आणि त्यावर सही केलेले साक्षीदार आज हयात आणि हाताशी आहेत का?

आधी जुनी सक्ती कुणाला होती हे पाहू, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन व्यक्तींच्या बाबतीत ती मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या इंग्रजी अमदानीतल्या प्रांतांच्या केंद्रांशी बांधलेली होती. पारशी समाजालाही ती १९६२ नंतर याच पद्धतीने लागू झाली. मुस्लिमांना ती नव्हती आणि भारतीय ख्रिस्ती समाजाला २००२ च्या दुरुस्तीने त्यातून सूट मिळाली. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या हिंदू माणसाने पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्याच घराविषयीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती; नाशिक, नागपूर, कोल्हापूरचंही तेच. पण त्याच पुणेकराचा दादरमध्ये एक फ्लॅट असला, की तेवढ्यापुरती सक्ती लागू व्हायची. २००१ मध्ये क्लॅरेन्स पाइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद इतिहासातून आलेला आहे असं सांगत ते कलम वैध ठरवलं होतं. हा भेद आता पुसला गेला, हे योग्यच झालं. एका शहरातल्या वारसाने कोर्टाची पायरी चढायची आणि शेजारच्या जिल्ह्यातल्याने नाही, याला आजच्या काळात काही समर्थन उरलं नव्हतं. ज्यांच्या घरातला मृत्यू किंवा ज्यांचा दावा या बदलाच्या आधीचा आहे, त्यांनी मात्र आपल्या प्रकरणाला नवी तरतूद कशी लागू होते हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

प्रोबेट म्हणजे नेमकं काय मिळतं, याचीही कल्पना स्पष्ट हवी. न्यायालयाची मोहोर लागलेली मृत्युपत्राची प्रत आणि त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरला मिळकतीची व्यवस्था लावण्याचा अधिकार, एवढं प्रोबेटमध्ये असतं. न्यायालय एकच गोष्ट पाहतं: हे त्या व्यक्तीचं शेवटचं मृत्युपत्र आहे का, ते शुद्धीवर असताना, स्वेच्छेने आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने केलं आहे का. मृत्युपत्रात लिहिलेली मिळकत खरोखर मृत व्यक्तीच्या मालकीची होती का, हा प्रश्न तिथे सुटत नाही. १९५३ च्या ईश्वरदेव नारायण सिंह खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने हे वेळोवेळी सांगितलं आहे. वडिलांनी गावची सगळी जमीन एकाच मुलाला लिहून दिली आणि त्या मृत्युपत्राचं प्रोबेट मिळालं, तरी जमीन वडिलोपार्जित असेल तर वडिलांना स्वतःच्या हिश्श्यापुरतंच देता येत होतं, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार आहेत. तो वाद वेगळ्या दिवाणी दाव्यातच चालतो. प्रोबेटकडून मालकीची अपेक्षा ठेवणारे निराश होतात ते यामुळे. पण प्रोबेटला जे ठरवता येतं, ते सगळ्या जगाविरुद्ध ठरतं. रद्द होत नाही तोवर मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी पुन्हा कुणाला बोट दाखवता येत नाही, मग तो भाऊ असो, फ्लॅटचा खरेदीदार असो की दहा वर्षांनी उगवलेला चुलत नातेवाईक. साध्या दिवाणी दाव्यातला निकाल सहसा त्या दाव्यातल्या पक्षकारांपुरता राहतो. प्रोबेटचं मोल या फरकात आहे, आणि कलम २१३ गेल्याने ते रतीभरही कमी झालेलं नाही.

आता सिद्धतेकडे वळू, कारण खरी अडचण तिथे येते. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही हवी आणि किमान दोन साक्षीदारांची साक्षांकनाची सही हवी. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही सही माझीच’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली असावी. मजकुरात काय आहे हे साक्षीदाराला माहीत असण्याची गरज नाही. पुढे न्यायालयात हा दस्तऐवज वापरायचा झाला, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला बोलवावंच लागतं. दोघंही वारले असतील तर एका तरी साक्षीदाराचं आणि मृत्युपत्र करणाऱ्याचं हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधावी लागतात. आता एखादं नेहमीचं मृत्युपत्र डोळ्यांसमोर आणा. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी ते केलं. साक्षीदार म्हणून समवयस्क मित्र आणि कुटुंबाचे जुने डॉक्टर. त्यांच्या सहीखाली फक्त नावं, पत्ता नाही किंवा असलाच तर बदललेला. मृत्युपत्र करणारा पुढे पंधरा वर्षं जगला. त्याच्या पश्चात मुलगा घरात राहत राहिला, वीजबिल नावावर करून घेतलं, आणि आणखी आठ-दहा वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी बहिणीच्या मुलांनी हिस्सा मागितला. त्या क्षणी मृत्युपत्र सिद्ध करायचं, तर सही पाहिलेलं कोण उरलं असेल? ज्या दस्तऐवजाचं सगळं बळ दोन वयस्क माणसांच्या स्मरणावर आहे, तो कपाटात ठेवून वाट पाहायची ही जोखीम मला बेफिकिरी वाटते.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे ‘आमचं मृत्युपत्र नोंदणीकृत आहे.’ नोंदणी चांगलीच. पान बदललं, मजकूर घातला, असल्या आरोपांना तिने बराच आळा बसतो, आणि मूळ प्रत हरवली तरी नोंद राहते. पण नोंदणी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज सुटत नाही. दुय्यम निबंधकासमोर सही झाली एवढ्याने शंका मिटतात असंही नाही. १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक आजही पाळला जातो: मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करणं हे मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याचं काम आहे. थरथरणारी किंवा नेहमीपेक्षा वेगळी सही, दुबळी मनःस्थिती, कारण न देता जवळच्या वारसाला वगळणं, आणि सर्वांत जास्त लाभ होणाऱ्यानेच मृत्युपत्र तयार करून घेण्यात पुढाकार घेणं, या गोष्टी न्यायालयाच्या नजरेत भरतात. नोंदणीचा शिक्का असल्या शंकांना उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून माझं मत असं. आई किंवा वडिलांनी एका मुलाला किंवा मुलीला वगळलं असेल, दुसऱ्या लग्नाची गुंतागुंत असेल, भाच्याला किंवा सांभाळ करणाऱ्या परक्या माणसाला काही दिलं असेल, एखाद्या संस्थेला मिळकत दिली असेल, किंवा घर लवकरच विकायचं वा पुनर्विकासाला जायचं असेल, तर सक्ती नसली तरी प्रोबेट घ्यावं आणि साक्षीदार हयात असेपर्यंत घ्यावं. याउलट सगळे वारस एकमताने मृत्युपत्र मानतात, मिळकत मोजकी आहे आणि ज्याला ती मिळाली तोच तिथे राहणार आहे, तिथे वर्षभर कोर्टाच्या तारखांमागे धावण्यात अर्थ नाही. अशा घरांनी सगळ्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्यावी आणि एका साक्षीदाराचंही प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून ठेवावं. जो वारस आपला संभाव्य हिस्सा सोडायला तयार आहे, त्याच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेतलं तर अधिक भक्कम. आजची तोंडी संमती उद्या पुढच्या पिढीला बांधील नसते, हे लक्षात ठेवून हे कागद लगेच करावेत. शोक ताजा असताना सह्या मागणं अवघड जातं, तरी वर्ष उलटल्यावर ते अधिकच अवघड होतं.

प्रोबेटच्या विरोधातला सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा नाही, भांडणाचा आहे. अर्ज केला की सगळ्या कायदेशीर वारसांना कळवावं लागतं. मग जो गप्प होता तोही वकील गाठतो, असं अनेकांना वाटतं, आणि ते खोटं नाही. नोटीस पोहोचली की हरकत येऊ शकते. पण नोटीस वाद निर्माण करत नाही, ती असलेला वाद बाहेर काढते. तो बाहेर यायचाच असेल तर साक्षीदार बोलू शकतात, डॉक्टरांची कागदपत्रं मिळू शकतात आणि आईने असं का केलं हे सांगणारी माणसं जिवंत आहेत, तेव्हा येणं वारसाच्या हिताचं आहे. वगळल्या गेलेल्या मुलीच्या बाजूनेही पाहा. तिला न कळवता मृत्युपत्र वापरून घर नावावर करून घेणं आता अधिक सोपं झालं आहे, आणि ही मला या बदलाची खरी चिंता वाटते. पूर्वी मुंबईत निदान न्यायालयाची नोटीस तिच्यापर्यंत जात असे. ज्यांना आपल्याविरुद्ध मृत्युपत्र पुढे येईल अशी शंका आहे, त्यांनी सक्षम न्यायालयात आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवावं. म्हणजे तिथे अर्ज झाल्यास त्यांना कळवल्याशिवाय आदेश होणार नाही.

प्रक्रिया कशी चालते ते आता थोडं जवळून. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेला असेल तर प्रोबेट त्यालाच मिळतं. नेमलेला नसेल, तो वारला असेल किंवा नकार देत असेल, तर लाभार्थ्याला ‘मृत्युपत्र जोडलेलं व्यवस्थापनपत्र’ मागावं लागतं. परिणाम बराचसा तोच, पण त्यात सहसा बंधपत्र द्यावं लागतं. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. मृत व्यक्तीचं राहतं ठिकाण किंवा मिळकत त्या न्यायालयाच्या हद्दीत असावी लागते. मुंबईत तो उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर यांच्या कार्यालयात दाखल होतो. मिळकती एकाहून अधिक राज्यांत असतील तर उच्च न्यायालयाकडून आदेश घेणं शहाणपणाचं, कारण तो देशभर चालतो. जिल्हा न्यायालयाचा आदेश मूलतः त्या राज्यापुरता असतो. अर्जात मृत्यूची तारीख, हे शेवटचं मृत्युपत्र असून ते रीतसर केलं आहे असं कथन, मिळकतीची यादी आणि किंमत, आणि जवळच्या वारसांची नावं-पत्ते लागतात. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. हे प्रतिज्ञापत्र सर्वांत जपून करावं. मी तिथे हजर होतो, त्यांनी माझ्यासमोर सही केली, त्या वेळी ते शुद्धीवर होते, मग मी त्यांच्यासमोर सही केली, हा क्रम त्यात स्पष्ट यायला हवा. तो मोघम राहिला, की कार्यालय त्रुटी काढतं आणि अर्ज महिनोन्‌महिने अडकून पडतो. बऱ्याच प्रकरणांत होणाऱ्या उशिराचं मूळ न्यायालयात नसून अशा अर्धवट कागदांत असतं.

त्रुटी दूर झाल्या की साइटेशन निघतं, म्हणजे ज्यांचा संबंध आहे त्यांनी यावं आणि कामकाज पाहावं असं आवाहन. वारसांनी आधीच संमती प्रतिज्ञापत्रं दिली असतील तर हा टप्पा सोपा जातो. मुदतीत कुणी कॅव्हेट आणि त्यासोबतचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं, तर अर्जाचं रूपांतर दाव्यात होतं आणि पुरावा, उलटतपासणी असं सगळं चालतं. त्याला वर्षं लागू शकतात. हरकत नसेल तर साक्षीपुरावा न होता आदेश होतो. न्यायालय शुल्क मिळकतीच्या किमतीवर, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत भरावं लागतं. आणखी एक मुद्दा मुदतीचा. २००८ च्या कुंवरजीत सिंग खंदपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रोबेटच्या अर्जाला मुदत कायद्याचा अनुच्छेद १३७, म्हणजे तीन वर्षांची मुदत, लागू होते असं सांगितलं. ती मृत्यूच्या तारखेपासूनच मोजायची असं नाही, अर्ज करण्याची गरज जेव्हा उभी राहते तेव्हापासून. तरी तीन वर्षं उलटली असतील तर विलंबाचं कारण द्यावं लागतं, आणि न्यायालय अशा मृत्युपत्राकडे अधिक बारकाईने पाहतं.

मृत्युपत्राऐवजी इतर कागदांवर विसंबणारी मंडळीही बरीच आहेत. नॉमिनी म्हणून नाव असलं की मिळकत आपली, हा समज अजून टिकून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत स्पष्ट केलं की नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नाही. नॉमिनी कंपनीकडून शेअर्स घेऊ शकतो, पण ते अंतिमतः मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जातात. गृहनिर्माण सोसायट्यांबाबत २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात घातलेल्या कलम १५४ब-१३ ने हेच आणखी उघड केलं: नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, खऱ्या वारसांची नावं लागेपर्यंत. बँकेची रक्कम नॉमिनीच्या हाती येते तीही विश्वस्त या नात्याने. सातबाऱ्यावरचा फेरफार किंवा मालमत्ता पत्रकावरची नोंद महसुलासाठी असते, मालकी त्यातून जन्मत नाही. मृत्युपत्र नसेल तर सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणं आणि रोख्यांसाठी उपयोगी, घरासाठी नाही. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली दिवाणी न्यायालय जो वारस दाखला देतं, तो यापेक्षा व्यापक आहे. तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला हा त्याला पर्याय नव्हे. गोव्यात तर गणितच वेगळं आहे: तिथे कुटुंबातल्या अनिवार्य वारसांचा हिस्सा राखून ठेवावा लागतो, मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होतं आणि वाटणी इन्व्हेंटरी कार्यवाहीत ठरते. गोव्यात घर असलेल्या मुंबईकरांनी आपली पद्धत तिथे लावू नये.

परदेशात राहणाऱ्या वारसांसाठी दोन-तीन गोष्टी. संमती प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करावं, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून, तो देश अपोस्टिल कराराचा सदस्य असेल तर अपोस्टिल करून घ्यावं. मुखत्यारपत्रात ‘सर्व कामांसाठी’ असा ढोबळ मजकूर न ठेवता प्रोबेटच्या कामाचा स्पष्ट उल्लेख करावा. आणि मृत्युपत्र परदेशात सिद्ध झालेलं असेल तरी इथल्या मिळकतीसाठी त्याच्या प्रमाणित प्रतीवर इथे स्वतंत्र आदेश मागण्याची सोय कलम २२८ मध्ये आहे. ती वापरली तर साक्षीदारांना पुन्हा शोधण्याची वेळ सहसा येत नाही.

प्रोबेट हातात आलं की एक्झिक्युटरचं काम सुरू होतं, संपत नाही. आदेशापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो. आधी अंत्यसंस्काराचा आणि प्रोबेटचा खर्च, मग कर्जं आणि देणी, आणि शेवटी मृत्युपत्रातल्या देणग्या, हा क्रम कायद्याने ठरवलेला आहे. तो मोडून घाईने वाटप केलं आणि देणेकरी दारात आला, तर एक्झिक्युटर स्वतः अडचणीत येतो. मृत्यूपासून वर्षभर लाभार्थ्यांना वाटप करण्याची त्याच्यावर सक्ती नसते, ही मुदत देणी शोधण्यासाठी वापरावी. मूळ मृत्युपत्र आता न्यायालयाच्या ताब्यातच राहतं, म्हणून ते दाखल करण्याआधी सगळ्या पानांची रंगीत छायाप्रत काढून ठेवावी आणि आदेश होताच प्रमाणित प्रती एकदमच जास्त मागाव्यात: सोसायटी, सिटी सर्व्हे, प्रत्येक बँक आणि डीमॅट खात्यासाठी एकेक, आणि पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलासाठी आणखी एक.